पहिला तक्ता

"तुम्ही इस्पितळात काय करता?" असं कुणी विचारलं की अक्का म्हणायची, "चोवीस जणींची नाडी बघते." विचारणाऱ्याला वाटायचं ही नर्स असणार, आणि तो लगेच आपल्या गुडघ्याचं रडगाणं सुरू करायचा. मग तिला सांगावं लागायचं, की बाबा रे, या चोवीस जणी म्हणजे डिस्का. तळघरातल्या थंडगार खोलीत एका लोखंडी कपाटात त्या बसतात, सहा-सहाच्या चार रांगांत, आणि इस्पितळात काढलेला प्रत्येक एक्सरे, प्रत्येक स्कॅन त्यांच्यावर जाऊन पडतो. आत चोवीस असल्या तरी बाहेरून तो एकच मोठा साठा दिसतो. एवढं सांगून होईपर्यंत विचारणारा बहुतेक वेळा सटकलेला असायचा.

अक्का बावीस वर्षांची असताना इथं टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. चौदा वर्षं तिनं बोर्डावर काढली, आणि तिथं ती एक गोष्ट शिकली जी तिला जन्मभर पुरली. दिवसात किती फोन जोडले याला काडीचा अर्थ नाही. माणूस रिसीव्हर कानाला लावून किती वेळ ताटकळला ते बघायचं. पुढे बोर्ड गेला, बरोबरच्या तिघी नोंदणीच्या खिडकीवर गेल्या आणि हिला "तूर्तास" म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. तो तूर्तास एकवीस वर्षं चालला. शिकवायला कुणी नव्हतं. पुस्तकं आणली, रात्रंदिवस डोकं खाजवलं, एकदा अख्खा साठा बंद पाडला, पोटभर रडली आणि शिकली. स्वभावानं तापट, नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण काम असं चोख, की तिनं सही केलेल्या कागदावर मोठे डॉक्टरसुद्धा दुसरा प्रश्न विचारत नसत.

आता या डिस्कांच्या कामातली मेख काय आहे, ती सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वरून एखादा फोटो आला की त्याचे तुकडे होतात आणि एका रांगेतल्या सहाही डिस्कांवर वाटले जातात. सहाहीजणींनी "झालं" म्हटल्याशिवाय फोटो ठेवला गेला असं धरत नाहीत. घरात सहा माणसं असावीत आणि सगळ्यांनी एकदमच जेवायला बसायचं असा दंडक असावा, तसं हे. एकजण हात धुवायला अर्धा तास लावणारा निघाला, की बाकीचे पाच उपाशी. म्हणून अक्का नुसतं काम किती झालं ते बघायची नाही, कोण किती वेळ लावतंय ते बघायची. हुकूम दिला की पडद्यावर तक्ता येतो: ही डिस्क, हिचं इतकं वाचणं, इतकं लिहिणं, इतकी वाट बघणं. दर पाच सेकंदांनी नवा तक्ता दे म्हटलं, की एकाखाली एक येत राहतात.

पण यात एक गोम आहे. पहिला जो तक्ता येतो तो आत्ताचा नसतोच. मशीन सुरू केल्या दिवसापासून आजवरची ती सरासरी असते. आत्ता काय चाललंय ते दुसऱ्या तक्त्यापासून कळतं. नवशिका हमखास इथं पडतो. अक्काकडे जो कोणी हे काम शिकायला आला त्याला तिनं पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच ऐकवलं, "पहिला तक्ता फेकायचा. तापानं फणफणलेल्या माणसाला वर्षभराची सरासरी विचारून करायचंय काय? आज ताप किती ते बघ."

तर झालं असं, की सकाळच्या गर्दीच्या वेळी स्कॅनचे फोटो वर डॉक्टरांपर्यंत पोचेनात. एरवी दोन मिनिटांचं काम. ते वीसवर गेलं, मग चाळीसवर. उपाशीपोटी आलेले पेशंट बाकावर बसून राहायचे आणि डॉक्टर येरझाऱ्या घालायचे. स्कॅनची खोली बघायचा लंबू. नाव त्याचं वेगळं होतं, पण प्रत्येक दारातून वाकून जाणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार! बारा वर्षं तो तिथं पेशंटला टेबलावर झोपवत होता, हलू नका म्हणून समजावत होता आणि फोटो काढून पाठवत होता. आरडाओरडा झाला तो आधी त्याच्याच नावानं.

इस्पितळाचा कारभार तेव्हा नुकताच एका नव्या साहेबांच्या हाती आला होता. माणूस वाईट नव्हता, पण भारी घाईचा. अख्ख्या इमारतीत अक्काला "मॅडम" म्हणणारे ते एकटेच. त्यांनी दोघांकडून खुलासा मागवला. लंबूनं लिहिलं, "माझ्याकडून फोटो वेळेवर जातात." अक्कानं गेल्या तीन आठवड्यांची दर तासाची नोंद छापून काढली. सगळीकडे वाट बघण्याचा आकडा नऊच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा नाही. खाली तिनं लिहिलं, "साठा ठणठणीत आहे," आणि सही ठोकली. झालं, निकाल लागला. यंत्र ठणठणीत म्हणजे माणूस हळू. लंबूला नोटीस गेली: शुक्रवारी अकराला हजर राहा, समाधानकारक उत्तर नसेल तर स्कॅनच्या खोलीतून काढून जुन्या कागदांच्या कोठीत टाकू. चोर सोडून संन्याशाला फाशी! फक्त चोर कोण, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी लंबू तळघरात आला. दारात सवयीनं वाकला.

"अक्का, भांडायला आलेलो नाही."

"मग बस. भांडायला आला असतास तर उभाच ठेवला असता."

तो बसला नाही. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. नोटिशीबरोबर त्याला मिळालेली अक्काच्याच अहवालाची प्रत होती. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण एक विचारू का? हे 'लिहिणं' म्हणजे आम्ही वरून पाठवतो ते फोटो ना?"

"हो. आणि त्यातले बहुतेक तुझेच. तुझं एक स्कॅन म्हणजे शंभर एक्सरे."

"तेच म्हणतो. मग हा मागचा मंगळवार बघा. त्या दिवशी माझं यंत्र बंद होतं. दुरुस्तीवाले दिवसभर त्याचं पोट उघडून बसले होते. मी एक फोटो पाठवलेला नाही. आणि इथं सोमवारइतकंच लिहिणं कसं काय?"

"एकवीस वर्षं झाली मला या..." अक्काचा पारा चढला होता, वाक्य अर्धं बाहेर पडलंही होतं. तेवढ्यात लंबूला वरून बोलावणं आलं, बाकावर पाच पेशंट बसले होते. "बघा जमलं तर," एवढं म्हणून तो कागद टेबलावर ठेवून गेला. अक्का धुसफुसत राहिली. म्हणे मंगळवार! मग तिनं चष्मा पुसला आणि कागद पुढं ओढला.

मंगळवार सोमवारसारखा. बुधवार मंगळवारसारखा. बोट खाली सरकवत ती रविवार पहाटेपर्यंत आली, आणि रविवार पहाटसुद्धा सोमवार अकरासारखीच. इस्पितळात रविवारी पहाटे पाच वाजता काय असतं हो? एखादा पडलेला-धडपडलेला येतो, तेवढंच. तिथंही आकडा तोच, एखाददुसऱ्या दशांशाच्या फरकानं. स्वेटर घातलेला असूनही तिच्या अंगावर काटा आला. जिवंत यंत्राचे आकडे असे एका जागी बसत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पूर्वी ती रोज दहा, एक आणि चार वाजता स्वतः पडद्यासमोर बसून, एकेका डिस्कचा आकडा वहीत उतरवायची. पाच महिन्यांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस घरी बसावं लागणार म्हणून जाताना तिनं मशीनलाच काम लावून दिलं: दर तासाला एक तक्ता काढ आणि नोंदीत टाक. फार लांबण नको म्हणून सगळ्या साठ्याची मिळून एकच ओळ. परत आल्यावर ते इतकं सोयीचं वाटलं, की वही कपाटात गेली ती गेलीच. आणि एकच तक्ता मागितला तर मशीन कोणता तक्ता देणार? पहिला! दर तासाला, दिवसातून चोवीस वेळा, पाच महिने, ते इमानदारीनं पहिला तक्ताच देत होतं. मशीन चारशे बारा दिवस सलग चालू होतं. चारशे बारा दिवसांच्या सरासरीत तीन आठवड्यांच्या काही सकाळी कुठे दिसणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अक्कानं स्वतःच्या कपाळावर हात मारला, चांगला आवाज येईल इतक्या जोरानं.

सव्वाअकरा वाजले होते, ऐन गर्दी. तिनं हुकूम दिला, एकेक डिस्क वेगळी दाखव, दर पाच सेकंदांनी. पहिला तक्ता आला, तो सोडून दिला. दुसरा आला. आठ, नऊ, आठ, दहा, आणि तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या डिस्कपुढे सातशे. तिसऱ्या तक्त्यात नऊशे. बाई मेलेली नव्हती, तक्रारही करत नव्हती, कपाटावरचा तिचा दिवा हिरवागार होता. नुसती रखडत होती, आणि सगळ्या साठ्याला धरून बसली होती. मेलेली डिस्क लगेच कळते, तिचा दिवा लाल होतो. आजारी असून गप्प बसणारीला असंच शोधावं लागतं, रोज, डोळ्यांनी. त्याचा तर तिला पगार होता.

तिनं ते तक्ते छापून घेतले. वर पेशंट ताटकळत असताना शुक्रवारपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता. दुपारी गर्दी ओसरल्यावर नेमकी तीच ओळखू यावी म्हणून तिनं त्या डिस्कचा दिवा लुकलुकता केला. खण शून्यापासून मोजायचे असतात, त्यात भल्याभल्यांनी शेजारची धडधाकट डिस्क उपटलेली आहे. म्हणून टॉर्च लावून नंबर दोनदा वाचला. आजारी डिस्क ओढून काढली, नवी सरकवली. तुकडे अशा बेतानं वाटलेले असतात, की एकजण गेली तरी बाकीच्यांवरून तिचा वाटा जुळवता येतो. त्या पाचजणींनी मिळून नवीला तिच्या वाट्याचं सगळं भरून द्यायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत काम उरकलं.

घरी जाताना बसमध्ये तिनं मनाशी हिशोब मांडला. उद्यापासून फोटो पटापट येतील. शुक्रवारी साहेबांना ते दिसेलच. नोटीस आपोआप मागे पडेल, लंबू सुटेल. सापही मेला आणि काठीही तुटली नाही. एवढं मनाशी म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

गुरुवारी सकाळी अकराच्या गर्दीतही फोटो दोन मिनिटांत वर पोचत होते. अक्का चहाला निघाली, तर साहेब जिन्यातच भेटले, चेहरा कसा फुललेला.

"बघितलंत मॅडम? नोटिशीचा गुण! कालपर्यंत चाळीस मिनिटं, आज दोन. म्हणजे हा माणूस हळूसुद्धा नव्हता, निव्वळ कामचुकार होता. उद्या सोडत नाही त्याला."

दुरुस्ती करून अक्कानं लंबूला वाचवलं नव्हतं, पुरता अडकवला होता. आता बोल, आत्ताच बोल, असं तिचं मन ओरडत होतं, आणि तोंडातून निघालं, "हो." साहेब निघून गेले. जन्मात कधी गप्प न बसलेली बाई ऐन वेळी गप्प बसली, आणि कठड्याला धरून तशीच उभी राहिली. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो निवृत्त बस ड्रायव्हर. उभा जन्म रस्त्याकडे बघण्यात गेला, त्यामुळे बोलतानाही समोरच बघायचा.

"अगं, एक वर्ष राहिलंय तुझं," तो म्हणाला. "कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"अहो, तो पोरगा कोठीत जाईल."

"पोरगा कसला, चांगला अडतीसचा घोडा आहे. दुसरीकडे लागेल कुठेतरी."

"कामचुकार म्हणून ठप्पा बसलेल्याला कोण घेतं? आणि माझ्या सहीनं बसलाय तो ठप्पा!" अक्काचा आवाज शेजारी ऐकू जाईल इतका चढला. "माझ्या सहीनं!"

नवऱ्यानं जेवण उरकलं. भांडी विसळली. सकाळी चहाचा कप तिच्यापुढे ठेवत म्हणाला, "काय सांगायचं ते बसून सांग. उभी राहिलीस की तुझा आवाज चढतो, आणि मग लोक तुझं म्हणणं सोडून आवाजच ऐकतात."

शुक्रवारी अकराला साहेबांच्या खोलीत तिघंच होते. लंबू खुर्चीत गुडघे मुडपून बसला होता, मान खाली. साहेबांनी बुधवारपर्यंतचे आणि गुरुवारचे आकडे वाचून दाखवले. "एका दिवसात चाळीसची दोन मिनिटं. यावर तुझं काय म्हणणं आहे?"

"मी काही वेगळं केलेलं नाही साहेब," लंबू म्हणाला. "मलाही कळत नाही."

अक्का खुर्ची पुढे ओढून नीट बसली. "त्याला कळायचं नाही, कारण केलं मी. बुधवारी दुपारी मी एक डिस्क बदलली. ती तीन आठवडे आजारी होती आणि सकाळच्या गर्दीत सगळं अडवून बसत होती. हा लंबू पहिल्या दिवसापासून वेळेवर फोटो पाठवत होता."

"पण मॅडम, तुमचा अहवाल..."

"चुकीचा आहे. दर तासाची नोंद म्हणून मी दिली ती नोंद नव्हती, चारशे दिवसांची सरासरी होती. हा बघा मागचा मंगळवार, त्याचं यंत्र बंद असतानाही माझ्या कागदावर तेवढंच काम. आणि हे बुधवारचे खरे आकडे, डिस्क काढायच्या आधीचे. चूक मशीनची नाही, माझी. काल जिन्यात तुम्ही बोललात तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरले."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. घाईचा माणूस, पण या वेळी त्यांनी घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "हे लेखी द्यावं लागेल मॅडम. तुमच्या फायलीला लागेल. शेवटचं वर्ष आहे तुमचं."

"द्या कागद," अक्का म्हणाली.

तिनं तिथंच बसून लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी नोटीस मागे घेत असल्याचं लिहून दिलं आणि लंबूला म्हणाले, "माझंही चुकलं." एवढं म्हणायलाही माणसाला छाती लागते, हे अक्कानं मनातल्या मनात कबूल केलं.

बाहेर पडल्यावर ती लंबूबरोबर स्कॅनच्या खोलीपर्यंत चालत गेली. तो आभार मानेल नाहीतर चार शब्द सुनावेल असं तिला वाटत होतं, आणि दोन्हीची तिची तयारी होती. दाराशी आल्यावर तो थांबला.

"अक्का, सगळे म्हणत होते मी हळू आहे. दोन आठवड्यांनी मलाही वाटायला लागलं, की असेनच हळू. मग मी घाई करायला लागलो. पूर्वी पेशंटचा हात धरून न्यायचो, ते सोडलं. मागच्या आठवड्यात एक म्हातारबाबा आले होते. पाठ दुखत होती त्यांची, झोपताच येईना. मी त्यांना धरून आडवं केलं आणि ओरडलो, लवकर करा हो म्हणून." त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकवला. "ते कळवळले. आणि मलाच म्हणाले, माफ करा, माझ्यामुळे उशीर झाला."

"ते माझ्यामुळे झालं रे," अक्का म्हणाली.

"ओरडलो तर मीच ना."

फायलीला लागलेल्या कागदाचं अक्काला इतकं काही वाटलं नव्हतं, पण हे काळजाला लागलं. त्या म्हाताऱ्याचं नावही तिला माहीत नव्हतं. तिच्या चोवीस जणींवर त्याचा फोटो कुठेतरी पडलेला होता, एवढंच.

बाकावरून एक बाई काठी टेकत उठल्या. लंबू पुढे झाला, त्यानं त्यांचा हात धरला. "सावकाश या," तो म्हणाला. "काही घाई नाही." दार लागलं, तरी आतून त्याचा आवाज येत होता, "सावकाश. दमानं घ्या." अक्का तिथंच उभी राहिली. खाली काम पडलं होतं, पण तिला जिना उतरवेना.